निधनवार्ता, जुने अंक आणि कोर्टाचे कागद: घराण्याचा शोध घेणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वंशावळ लिहायला घेतलेली माणसं, वारसनोंदीसाठी धावपळ करणारी मुलं, आजोबांच्या आयुष्याचा एखादा हरवलेला तुकडा शोधणारी नातवंडं यांच्याकडून वर्षानुवर्षं येत राहिलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. शोध महाराष्ट्रातलाच धरला आहे. ज्याचं उत्तर आधी येऊन गेलं आहे तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. माझ्याकडे फक्त पणजोबांचं नाव आहे. सुरुवात कुठून करू?

नावापासून नको, तारखेपासून करा. जुन्या वर्तमानपत्रांना नावांची सूची नसते, ती तारखेनुसार बांधलेली असतात. कोर्टाचं दप्तरही वर्ष आणि मुकदमा नंबर यांवर चालतं. म्हणून पहिले काही दिवस घरातच शोधा. जुन्या पत्रिका, पोथीच्या पुठ्ठ्याआड लिहिलेल्या नोंदी, विम्याचे कागद, शाळा सोडल्याचा दाखला, तसबिरीच्या मागे चिकटवलेलं कात्रण यातून एक गाव आणि पाच-सात वर्षांचा पट्टा हाती आला की शोध आवाक्यात येतो.

घरातल्या सगळ्यांत वयस्क बाईशी आधी बोला. मृत्यूची साल पुरुषांना आठवत नाही. बायकांना मात्र "तेव्हा तुझ्या वडिलांची मुंज व्हायची होती" असं नेमकं आठवतं, आणि त्यावरून साल काढता येते.

२. निधनवार्ता, श्रद्धांजली, पुण्यस्मरण आणि जाहीर नोटीस यांत काय फरक? मी नेमकं काय शोधू?

निधनवार्ता ही बातमी. ती मृत्यूनंतर दोन-चार दिवसांत येते आणि "त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, तीन मुली, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे" या साच्यात असते. श्रद्धांजली आणि पुण्यस्मरण या घरच्यांनी पैसे भरून दिलेल्या जाहिराती. त्यात फोटो असतो, कधी जन्म आणि मृत्यू दोन्ही तारखा असतात. 'प्रथम पुण्यस्मरण' सापडलं तर मृत्यू साधारण एक वर्ष आधीचा. पण ते अनेकदा तिथीने करतात, म्हणून तारीख पुढेमागे सरकते (प्रश्न ३).

जाहीर नोटिशीकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही, आणि माझ्या मते तिचं मोल सगळ्यांत जास्त आहे. जुन्या मुंबई इलाख्यात वारस दाखला १८२७ च्या ८ व्या रेग्युलेशनखाली मिळतो. त्यासाठी अर्ज आला की कोणाची हरकत आहे का, हे विचारणारा जाहीरनामा निघतो. त्यात मयताचं पूर्ण नाव, मृत्यूची तारीख, शेवटचा पत्ता, अर्जदाराचं नातं आणि अर्जाचा नंबर असा सगळा ऐवज येतो. निधनवार्तेत परिवार आकड्यांत मोजलेला असतो, नोटिशीत माणसं नावानिशी भेटतात. शिवाय तो नंबर तुम्हाला थेट कोर्टाच्या दप्तरात घेऊन जातो. नोटीस मृत्यूनंतर काही महिन्यांनी, कधी कित्येक वर्षांनी येते. तेव्हा निधनवार्ता नाही म्हणून अंक बंद करू नका.

३. घरात फक्त श्राद्धाची तिथी माहीत आहे, इंग्रजी तारीख नाही. काही उपयोग?

खूप. श्राद्ध दरवर्षी होत असल्यामुळे तिथी पिढ्यान्‌पिढ्या टिकते, तारीख विसरली जाते. शक साल माहीत असेल तर चैत्रापासून डिसेंबर संपेपर्यंत ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंत ७९ मिळवा. शके १८६५ ची कार्तिक वद्य अष्टमी म्हणजे १९४३ चा नोव्हेंबर. नेमकी तारीख त्या वर्षाच्या पंचांगात मिळेल. जुनी पंचांगं मोठ्या ग्रंथालयांत असतात. साल माहीत नसेल तर संशयित पट्ट्यातल्या प्रत्येक वर्षासाठी ती तिथी कोणत्या तारखेला पडली याची यादी करा. दहा वर्षांचा पट्टा असला तरी हाती दहाच तारखा येतात. प्रत्येक तारखेनंतरचा आठवडा चाळायचा.

इथे दोन खड्डे आहेत. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. तिथीवरून तारीख काढणारी काही संगणकीय साधनं उत्तरेच्या रीतीने चालतात. आपला कार्तिक वद्य पक्ष त्यांच्या हिशेबात मार्गशीर्षाचा कृष्ण पक्ष होतो, आणि वद्यातली तिथी तपासताना तुम्ही थेट एक महिना चुकता. शुद्ध पक्षात हा घोळ होत नाही. दुसरा खड्डा अधिक मासाचा. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, म्हणजे त्या वर्षी श्रावणातली प्रत्येक तिथी दोनदा आली. जुन्या वर्षांतही असंच झालेलं असतं. चुलत आजोबांच्या शोधात मी हे तपासलं नव्हतं आणि ग्रंथालयाच्या तीन फेऱ्या चुकीच्या महिन्यात घालवल्या. चौथ्या फेरीत पंचांग उघडलं आणि पंधरा मिनिटांत बातमी मिळाली.

मराठवाड्यातल्या कागदांवर फसली सन, म्हणजे महसुली वर्ष, दिसेल. निजाम राज्यात हे वर्ष ऑक्टोबरमध्ये, आजूर महिन्यापासून सुरू व्हायचं. ऑक्टोबर ते डिसेंबर असेल तर ५९०, जानेवारीनंतर ५९१ मिळवा. फसली १३५७ चा अखेरचा भाग म्हणजे १९४८ चा सप्टेंबर.

४. कोणत्या काळासाठी कोणतं वर्तमानपत्र बघायचं?

बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ ला निघालं आणि १८४० मध्ये बंद पडलं. त्यानंतर भाऊ महाजनांचं 'प्रभाकर' (१८४१), पुण्याचं 'ज्ञानप्रकाश' (१८४९), मुंबईचं 'इंदुप्रकाश' (१८६२), सत्यशोधकांचं 'दीनबंधु' (१८७७), मग 'केसरी' (१८८१). या काळात सामान्य घरातल्या मृत्यूची बातमी क्वचित येई. सरकारी नोकर, वकील, सावकार, शास्त्री-पंडित, संस्थानिकांचे कारभारी यांच्या बातम्या मिळतात. शेतकरी किंवा कारागीर घराण्याचा शोध या अंकांत घ्यायला गेलात तर निराशा होईल. त्यांच्यासाठी महसुली दप्तर जास्त बोलकं आहे (प्रश्न १०). दलित घराण्यांच्या, विशेषतः चळवळीतल्या माणसांच्या शोधासाठी 'मूकनायक' (१९२०), 'बहिष्कृत भारत' (१९२७) आणि 'जनता' (१९३०) जरूर पाहावेत. सभांचे वृत्तान्त आणि वर्गणीदारांच्या पोचा यांत माणसं सापडतात. बाकीच्या पत्रांनी ज्यांची दखलही घेतली नाही, त्यांची नावं इथे छापली गेली.

पुढे 'नवा काळ' (१९२३), 'सकाळ' (१९३२), 'लोकसत्ता' (१९४८), 'मराठा' (१९५६), 'महाराष्ट्र टाइम्स' (१९६२), नागपूरचं 'लोकमत' दैनिक (१९७१). कोल्हापूरकडचा शोध असेल तर 'पुढारी'. दैनिकं घरोघर पोचू लागली तशा सामान्य घरांतल्या निधनवार्ता वाढत गेल्या.

अंक कधी निघायचा हेही बघा. 'केसरी' सुरुवातीची अनेक दशकं साप्ताहिक होता आणि मंगळवारी निघायचा. टिळक गेले रविवारी, १ ऑगस्ट १९२० ला, म्हणजे नेमाचा पुढचा अंक दोन दिवसांनी. साप्ताहिकात तुमच्या माणसाच्या निधनानंतरचे किमान दोन अंक बघितल्याशिवाय 'नाही' म्हणू नका.

५. हे जुने अंक प्रत्यक्षात मिळतात कुठे?

मुंबईत दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८), टाउन हॉलमधली एशियाटिक सोसायटी आणि मध्यवर्ती ग्रंथालय. वर्तमानपत्रांच्या प्रती ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना द्याव्यात अशी तरतूद १९५४ च्या कायद्यात १९५६ च्या दुरुस्तीने आली आणि मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय त्यांपैकी एक आहे. ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३). पुण्यात केसरीवाड्यातलं ग्रंथालय, पुणे नगर वाचन मंदिर (१८४८), पुणे मराठी ग्रंथालय (१९११), गोखले संस्थेचं ग्रंथालय. जिल्ह्याच्या गावातलं शंभरी ओलांडलेलं नगर वाचनालय विसरू नका. बंद पडलेल्या स्थानिक साप्ताहिकाची फाइल कित्येकदा तिथेच असते, आणि दुसरीकडे कुठेच नसते.

एशियाटिक सोसायटीचा डिजिटल संग्रह 'ग्रंथ संजीवनी' या नावाने आहे. 'टाइम्स ऑफ इंडिया'चे १८३८ पासूनचे अंक प्रोक्वेस्ट या वर्गणीच्या ऑनलाइन संग्रहावर आहेत. घरून वर्गणी भरण्यापेक्षा एखाद्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून बघा.

पुराभिलेखागारात ब्रिटिश सरकारने १८६८ पासून तयार करवलेले देशी वृत्तपत्रांचे साप्ताहिक अहवाल आहेत. ते इंग्रजी सारांश आहेत आणि राजकीय मजकुरापुरते आहेत. निधनवार्तेसाठी त्यात वेळ घालवू नका. पण पणजोबा संपादक असतील किंवा एखाद्या चळवळीत असतील तर हे अहवाल आधी उघडा.

६. स्कॅन केलेल्या संग्रहात नाव टाकलं तर काहीच निघत नाही. अंक तिथे असूनही?

कारण यंत्राने ते नाव वाचलेलंच नाही. शिशाच्या खिळ्यांनी छापलेली देवनागरी, झिजलेली जोडाक्षरं, 'अ', 'झ', 'ण', 'ल' यांची जुनी वळणं आणि पिवळा पडलेला कागद यांत अक्षरओळख कोलमडते. जोडाक्षर असलेलं आडनाव टाळून साधा, जोडाक्षर नसलेला शब्द शोधा. गावाचं नाव, 'वकील', 'इनामदार' असं काहीतरी. तरीही नाही निघालं तर तारखेवर जा आणि पानं डोळ्यांनी वाचा. याला पर्याय नाही.

मग शुद्धलेखन. १९६२ चे नियम येण्याआधी अनुच्चारित अनुस्वार सर्रास लिहिले जात. 'नांव', 'गांव', 'कांहीं', 'घरीं' असं लिहून बघा. आडनावांत कुलकर्णी आणि कुळकर्णी, देशपांडे आणि देशपांड्ये अशा जोड्या तपासा. इंग्रजी पत्रांत तर त्याहून गोंधळ. जोशीच्या शेवटी कधी एक आय, कधी दोन ई. पुणे 'पूना', सोलापूर 'शोलापूर', सातारा दोन टी घालून. एक कागद घेऊन तुमच्या आडनावाची आणि गावाची सगळी संभाव्य रूपं एकदाच लिहून काढा आणि प्रत्येक संग्रहात तीच यादी चालवा.

जिल्ह्यांची नावंही बदलली आहेत. धाराशिवचा शोध उस्मानाबाद नावाने, अहिल्यानगरचा अहमदनगर नावाने, रायगडचा कुलाबा नावाने करा.

७. ग्रंथालयात जाताना काय न्यावं?

ओळखपत्र, पेन्सिल, वही, आणि तारखांची तयार यादी. फोटो काढायची परवानगी आधी विचारा. अंक कुरकुरीत झाला असेल आणि ग्रंथपाल नाही म्हणाले तर वाद घालू नका. ते पान तुमच्यानंतरच्या माणसालाही लागणार आहे.

८. पणजीचं नाव कुठेच सापडत नाही. तिची नोंदच झाली नाही का?

झालेली असते, पण तुम्ही शोधता त्या नावाने नाही. लग्नात आडनावाबरोबर अनेकदा तिचं पहिलं नावही बदललं. म्हणजे माहेरचं नाव, सासरचं नाव आणि घरात रूढ झालेलं 'जिजी', 'काकी', 'माई' अशी तीन नावं. निधनवार्तेत कधी त्यातलं एकही नसतं, फक्त "अमुक वकिलांच्या मातोश्रींचे निधन". म्हणून तिच्या नवऱ्याच्या, मुलाच्या आणि भावाच्या नावानेही शोधा. भावाचं विसरू नका. माहेर नामांकित असेल तर बातमी माहेरच्या गावच्या पत्रात आलेली असते. नावाआधी 'सौ.' असेल तर नवरा हयात होता, 'गं. भा.' असेल तर गेला होता. एवढ्यावरून नवऱ्याच्या मृत्यूचा काळ आवळता येतो.

कोर्टाच्या आणि महसुलाच्या कागदात 'सखूबाई कोम तुकाराम' असं लिहिलेलं असतं. 'कोम' आणि 'भ्रतार' (कित्येकदा नुसतं 'भ्र.') हे शब्द नवऱ्याच्या नावाआधी येतात, 'बिन' किंवा 'वलद' बापाच्या नावाआधी. 'अ. पा. क.' दिसलं तर तो अज्ञानाचा, म्हणजे अल्पवयीनाचा, पालनकर्ता, आणि मुलं लहान असताना नवरा गेला असेल तर तिथे आईचं नाव असण्याची शक्यता मोठी. पोटगीचे दावे, दत्तकाचे वाद, विधवेच्या हिश्शाचे वाद यांत बायका स्वतःच्या नावाने, स्वतःच्या जबानीत बोलतात. माझ्या आजीच्या सासूचं संपूर्ण आयुष्यातलं एकमेव लेखी नाव मला अशाच एका जमिनीच्या दाव्यात मिळालं. तिथे तिचा अंगठा होता. तो कागद हातात धरून मी बराच वेळ बसून होते.

९. निधनवार्तेचं कात्रण वारसनोंदीसाठी पुरावा म्हणून चालेल का?

एकट्याने नाही. कात्रण अस्सल असलं तरी त्यातला मजकूर खरा आहे हे आपोआप सिद्ध होत नाही, ती ऐकीव माहिती ठरते. बँकेला आणि तलाठ्याला मृत्यूचा दाखलाच लागतो. मृत्यूची नोंद त्या काळी झालीच नसेल, तर एक वर्षापेक्षा जास्त उशिराची नोंद १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशानेच होते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर हा आदेश जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी देतात. त्या अर्जाला जोडायला मात्र कात्रण उपयोगी पडतं, कारण ते मृत्यूच्या वेळचं आहे, नंतर तयार केलेलं नाही.

१०. वर्तमानपत्रात काहीच नाही. आता?

गावच्या माणसासाठी आधी कोतवाल बुक बघा. हे जन्म-मृत्यूचं गाव दप्तर, गाव नमुना १४. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळतं आणि जुनं बहुधा मोडीत असतं. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामामुळे हे शब्द घरोघर पोचले. त्याआधीही वंशावळीचं काम करणारे लोक तिथेच जात होते.

दुसरी जागा फेरफार नोंदवही, म्हणजे गाव नमुना ६, आणि वारसांसाठी ६ क. "अमुक मयत, त्याचे वारस अमुक अमुक" अशी नोंद तिथे थेट मिळते. खातेदार मेल्यानंतर कित्येक वर्षांनी ती घातलेली असू शकते, म्हणून नोंदीची तारीख आणि मृत्यूची तारीख यांची गल्लत करू नका. काही जिल्ह्यांचे जुने कागद 'आपले अभिलेख' या शासकीय संकेतस्थळावर पाहायला मिळतात.

माणसाने नाव किंवा आडनाव बदललं असेल असा संशय असेल तर महाराष्ट्र शासन राजपत्रातल्या नावबदलाच्या जाहिराती चाळा.

११. कोर्टातली केस घरबसल्या कशी शोधायची?

जिल्हा आणि तालुका न्यायालयांसाठी ई-कोर्ट्स सेवेवर जा. सीएनआर क्रमांक असेल तर प्रश्नच मिटला. तो प्रत्येक केसला मिळणारा स्वतंत्र क्रमांक, सोळा अक्षर-अंकांचा असतो. नसेल तर जिल्हा, न्यायालय संकुल, पक्षकाराचं नाव आणि नोंदणीचं वर्ष द्यावं लागतं. नाव इंग्रजीत आणि मराठीत दोन्ही रीतींनी टाका, आणि 'प्रलंबित' बरोबर 'निकाली' हा पर्यायही तपासा. अनेकजण फक्त पहिला बघून परत येतात. मुंबई उच्च न्यायालयाचे निकाल त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आणि ई-कोर्ट्सच्या निकालशोध सेवेवर मिळतात. सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत निकाल २०२३ पासून ई-एससीआर वर मोफत आहेत.

महसुली अपिलं, सहकार न्यायालय, ग्राहक आयोग यांची दप्तरं वेगळी आहेत. 'केस सापडत नाही' म्हणून येणाऱ्या पत्रांपैकी कितीतरी प्रत्यक्षात तहसीलदार किंवा प्रांतांपुढच्या प्रकरणांची असतात. ई-कोर्ट्सवर ती कधीच दिसणार नाहीत.

१२. आमचा दावा १९५० च्या दशकातला आहे. ऑनलाइन नाही. संपलं का?

नाही. संगणक येण्याआधी निकाली निघालेली प्रकरणं सहसा ऑनलाइन नसतात, ती जिल्हा न्यायालयाच्या अभिलेख कक्षात असतात. तिथे दावा रजिस्टर बघायची परवानगी मागा. एक गोष्ट लक्षात घ्या. निकाली प्रकरणातले सगळे कागद सारखे जपले जात नाहीत. वर्गवारी होते आणि ठरावीक मुदतीनंतर किरकोळ कागद नष्ट केले जातात. निकालपत्र आणि हुकूमनामा मात्र जास्त काळ राहतात. साक्षीदारांच्या जबान्या गेल्या असल्या तरी निकालपत्रात त्यांचा सारांश असतो, कधी वंशावळसुद्धा.

प्रकरण अपिलात वर गेलं असेल तर छापील निवाडेही बघा. इंडियन लॉ रिपोर्ट्सची मुंबई मालिका १८७६ पासून आहे, बॉम्बे लॉ रिपोर्टर १८९९ पासून. दत्तक, इनाम, वतन, एकत्र कुटुंबाची वाटणी यांवरच्या निवाड्यांत अख्खी घराणी सामावली आहेत. १९४९ पूर्वीचं शेवटचं अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जात असे.

१३. आमचं गाव पूर्वी निजाम राज्यात, वऱ्हाडात किंवा संस्थानात होतं. कागद कुठे गेले?

आज महाराष्ट्र एक आहे, दप्तर तसं नाही. मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. वरच्या न्यायालयाचे आणि सचिवालयाचे कागद हैदराबादला, बरेचसे उर्दूत. नागपूर-विदर्भ तोवर मध्य प्रांताकडे, म्हणजे १९५० पासूनच्या मध्य प्रदेशाकडे. तिथे ९ जानेवारी १९३६ पासून नागपूरला स्वतंत्र उच्च न्यायालय होतं आणि १९५६ नंतर ते मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ झालं. म्हणून १९४० च्या अमरावतीच्या दाव्याचं अपील मुंबईच्या निवाड्यांत सापडणार नाही. कोल्हापूर संस्थान १९४९ मध्ये विलीन झालं, त्याआधी त्याची स्वतःची न्यायव्यवस्था होती. त्याच्या शोधाला कोल्हापूरच्या पुरालेखागारापासून सुरुवात करा.

जिल्हे फुटले तिथेही हाच घोळ. सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीत होता, लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबादेत, पालघर २०१४ पर्यंत ठाण्यात. जुना कागद बहुतेकदा मूळ जिल्ह्याकडेच पडून असतो. कोल्हापूरला १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या चालू प्रकरणांचा शोध घेताना न्यायपीठ निवडताना हे ध्यानात ठेवा.

१४. मी त्या दाव्यात पक्षकार नाही. नक्कल मिळेल का? माहिती अधिकारात मागू का?

पक्षकाराला नकलेचा हक्क आहे. तिऱ्हाइताला अर्जात कारण द्यावं लागतं, बहुधा प्रतिज्ञापत्रासह. निकालपत्राची नक्कल तुलनेने सहज मिळते, दुसऱ्याने दाखल केलेल्या दस्तांची अवघड. "मयत प्रतिवादी क्र. ३ चा नातू, वंशावळीसाठी" असं स्पष्ट लिहा आणि नातं दाखवणारा कागद जोडा. माहिती अधिकाराचा अर्ज इथे चालत नाही. न्यायालयाच्या नियमांत नकलेची सोय असताना त्याच वाटेने जावं, असं सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० च्या निकालात सांगितलं आहे.

१५. आजोबांनी मुंबईत मृत्युपत्र केलं होतं म्हणतात. कुठे बघू?

मुंबई शहरातल्या मिळकतींच्या मृत्युपत्रांना दीर्घकाळ प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं कोर्टाचं शिक्कामोर्तब, सक्तीचं होतं. त्यामुळे उच्च न्यायालयाच्या मृत्युपत्रविषयक विभागात अर्ज झालेला असण्याची शक्यता चांगली आहे. मृत्यूच्या वर्षापासून पुढची दहा वर्षं तपासा. चाळीतल्या खोलीचा वाद असेल तर लघुवाद न्यायालय. भाडेकरूच्या पश्चात तिथे कोण राहत होतं याचा तपशील त्या दाव्यांत मिळतो, आणि गिरणगावातल्या घराण्यांसाठी तो अनेकदा एकमेव लेखी पुरावा असतो.

१६. कागद मिळाला, पण वाचताच येत नाही.

मोडी असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या, पण त्याच्याकडे फोटो पाठवताना मागच्या-पुढच्या पानांसह पाठवा. सुटं पान वाचताना नावं चुकतात. बाळबोध असूनही शब्द अडत असतील तर: कैफियत म्हणजे प्रतिवादीचं लेखी म्हणणं, निशाणी म्हणजे दाखल कागदाला दिलेला क्रमांक, दरखास्त म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, रोजनामा म्हणजे दर तारखेला काय झालं त्याची नोंद. रोजनामा कंटाळवाणा दिसतो, पण पक्षकार मयत झाल्याचं आणि त्याचे वारस रेकॉर्डवर आणल्याचं तिथेच लिहिलेलं असतं. तो आधी वाचा.

१७. नाव, वडिलांचं नाव, आडनाव तिन्ही जुळतं. म्हणजे हाच ना माझा माणूस?

अजून नाही. आजोबाचं नाव नातवाला ठेवायच्या चालीमुळे एका घराण्यात एकच नाव एकाआड एक पिढ्यांत येतं आणि चुलत घराण्यांत एकाच वेळी दोघेही असतात. नावापलीकडच्या दोन खुणा जुळल्याशिवाय वंशावळीत लिहू नका. गाव आणि व्यवसाय, बायकोचं नाव आणि गट नंबर, वय आणि पत्ता, अशा. आणि त्या दोन खुणा दोन वेगळ्या कागदांतून आलेल्या हव्यात. एका बातमीवरून दुसऱ्या पत्राने उचललेली बातमी हा दुसरा पुरावा नव्हे.

हीच काळजी हयात माणसांबाबत दसपट घ्या. ई-कोर्ट्सवर एखाद्याच्या नावाची फौजदारी केस दिसली म्हणून तो दोषी ठरत नाही. ती केस त्याची आहे हेही अजून ठरलेलं नसतं.

१८. निकालात नावांऐवजी नुसती अक्षरं आहेत, किंवा निकालच दिसत नाही. का?

लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम २२८ अ खाली, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली. बालकांच्या प्रकरणांत पोक्सो आणि बाल न्याय कायद्याचं संरक्षण आहे. हिंदू विवाह कायद्याखालची प्रकरणं बंद दाराआड चालतात. ही नावं दुसऱ्या वाटेने शोधून काढता येतात असं लिहून मदत मागणाऱ्यांना मी मदत करत नाही.

१९. घरातला माणूस परागंदा झाला, किंवा त्याने संन्यास घेतला. त्याचा मृत्यू कुठे शोधू?

सात वर्षं ज्याची काही खबर नाही तो मयत असल्याचं कायदा गृहीत धरतो, पण कोणत्या तारखेला मेला हे गृहीत धरत नाही. त्यामुळे घरच्यांनी दिवाणी दावा लावून तसं जाहीर करून घेतलेलं असू शकतं. बेपत्ता झाल्यानंतर सात ते पंधरा वर्षांच्या पट्ट्यात तो दावा शोधा. बेपत्ता झाल्या वेळच्या अंकांत 'शोध पाहिजे', 'घरी परत ये, आई आजारी आहे' अशा छोट्या जाहिरातीही मिळतात. संन्यासाचं वेगळं आहे. हिंदू कायद्यात विधिपूर्वक संन्यास घेतलेला माणूस मिळकतीपुरता मृत धरला जातो, म्हणून तो जिवंत असतानाच वारसनोंद झालेली दिसेल. ती बघून मृत्यूची तारीख ठरवू नका.

२०. सापडलेलं सगळं नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू का?

मृत्यूची तारीख, फोटो, बातमी खुशाल टाका. पण आत्महत्या, दत्तकविधान, लग्नाआधीचं मूल, तुरुंगवास असं काही निघालं तर ज्यांना ते थेट भिडणार आहे त्यांना आधी घरी जाऊन, समोर बसून सांगा. वर्तमानपत्रात पन्नास वर्षांपूर्वी छापलेली गोष्ट घरातल्या मुलाला माहीत असतेच असं नाही.

आणि टाकताना कात्रणाच्या फोटोखाली पत्राचं नाव, आवृत्ती, तारीख, पान क्रमांक आणि ते कोणत्या ग्रंथालयात पाहिलं हे लिहा. दाव्याच्या कागदाला न्यायालय, मुकदमा नंबर, वर्ष आणि निशाणी क्रमांक. नुसतं कात्रण फिरत राहिलं तर दोन वर्षांनी तुमचाच पुतण्या "हे कुठलं?" असं विचारत पुन्हा त्याच ग्रंथालयाच्या दारात उभा राहील.